संपातलं हळदीकुंकू

मी काय करते हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याबद्दल कोणालाही आदर नाही. लिफ्टमध्ये बायका विचारतात, "अहो, ती सासू अजून किती दिवस छळणार?" जणू मी तिच्या माहेरची आहे. चौथ्या मजल्यावरच्या एका काकांनी तर एकदा सरळच विचारलं, "असल्या मालिका लिहायलासुद्धा माणसं लागतात?" मी म्हटलं, "बघायला लागतात तशीच लिहायलाही लागतात." तेव्हापासून ते माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नाहीत. बरं झालं.

मालिकेची कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा आणि संवाद तिसरा. ती तिसरी मी. शूटिंग मुंबईकडे चालतं. मी इथे कात्रजला जेवणाच्या टेबलावर बसून रोज एका खोट्या घराला बोलतं करते आणि मजकूर फोनवरून पाठवते. तो चॅनेलची एक मुलगी वाचते. तिच्या हुद्द्याला क्रिएटिव्ह म्हणतात. तिचा निरोप ठरलेला असतो: "ताई, इमोशन थोडं वाढवा ना." मी एका वाक्यामागे "आई गं" जोडून परत पाठवते. ती खूश होते. अशा माणसांच्या हाती महाराष्ट्राची संध्याकाळ आहे.

आमच्या मालिकेत एक आत्या होती. विधवा, भावाच्या घरी राहणारी. कथालेखकाने तिला चहा आणण्यासाठी आणि दाराआडून गुपितं ऐकण्यासाठी ठेवलं होतं. मी तिला हळूहळू जीभ दिली. तिचं काम करणारी नटी नाटकातून आलेली, जाणती बाई. कोरडं वाक्य ती कोरडंच टाकायची, त्यावर मुरका मारत नसे. लोकांना आत्या आवडायला लागली. मग दिवाळीच्या सुमाराला चॅनेलच्या बैठकीत मी भांडून एक प्रसंग पदरात पाडून घेतला. संक्रांतीच्या हळदीकुंकवात घरची सून सगळ्या सवाष्णींना बाजूला ठेवून पहिलं कुंकू आत्याला लावणार. मालिकेतल्या घरांत सण आपल्याच कॅलेंडरप्रमाणे येतात, त्यामुळे प्रसंग संक्रांतीच्या आठवड्यात दिसणार हेही ठरलं. क्रिएटिव्ह म्हणाली, "वॉव ताई, किती प्रोग्रेसिव्ह." तिला काय वाटलं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. तो प्रसंग मी माझ्या आईसाठी मागितला होता.

वडील गेल्यापासून आई सोसायटीच्या हळदीकुंकवाला गेलेली नाही, कारण तिला बोलावत नाहीत. संक्रांत ते रथसप्तमीच्या मधल्या एका रविवारी खालच्या हॉलमध्ये तो सोहळा असतो. त्यासाठीच्या तिळाच्या वड्या मात्र दर वर्षी आई करते. सगळ्या. "काकूंच्या हाताची चव कशालाच नाही," असं म्हणत बायका आमच्या दारातून डबे घेऊन जातात, आणि आई दार लावून स्वयंपाकघर पुसायला घेते. मला बोलावणं येतं, कारण मी लग्न केलेलं नाही, म्हणून मला कुमारिकेत धरतात. पन्नाशीला टेकलेली कुमारिका त्यांना चालते, आयुष्यभर संसार केलेली बाई चालत नाही. मी जात नाही.

मी या बायकांना ओळखून होते. त्या माणसांचं ऐकत नाहीत, टीव्हीचं ऐकतात. आमच्या सुनेने पडद्यावर जांभळी साडी नेसली की आठवडाभरात इथल्या गॅलऱ्यांतून जांभळ्या साड्या वाळताना दिसतात. आत्याला मालिकेत कुंकू लागलं, तर पुढच्याच रविवारी कोणीतरी आमची बेल वाजवेल, अशी माझी खात्री होती. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघू." एवढंच. पण दोन-तीन दिवसांनी इस्त्रीवाला कपडे देऊन गेला, त्यात तिची काळी साडी होती. बारीक लाल काठांची, वडिलांनी एका संक्रांतीला आणलेली. ती तिने कपाटात ठेवली नाही. दाराच्या मागे हँगरला अडकवली.

आणि तेवढ्यात आमचा संप झाला.

कारणं खरी होती. आमची नावं पडद्यावरून अशी पळवतात की सख्ख्या आईलाही वाचता येऊ नयेत. सकाळी फोनवर "थँक्यू, तुमचा प्रवास इथपर्यंतच" असा निरोप टाकून माणसाला काढून टाकतात. आणि आता तर आमचेच जुने भाग यंत्राला चारून त्याच्याकडून नवे संवाद काढून घेण्याची टूम निघाली होती. संघटनेने काम बंद पुकारलं. पुण्यातल्या लेखकांची बैठक एका शिकवणीच्या वर्गात भरली. सगळे बाकांवर गुडघे आवळून बसले होते. मी आजवर इतकी निरुपयोगी दुपार पाहिलेली नाही. मागण्यांचं पत्रक एकाने लिहून आणलं होतं. दुसऱ्याने त्यात दुरुस्त्या केल्या, तिसऱ्याने त्या दुरुस्त्यांत. "ठाम" म्हणायचं की "आग्रही", यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. एक ज्येष्ठ लेखक शेवटपर्यंत म्हणत राहिले की पत्रकाला सुरुवात चांगली हवी. मला वाटलं, चॅनेलने आम्हाला काही करायची गरजच नाही, नुसतं एका खोलीत कोंडलं तरी पुरे. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा मीही केला.

दोन दिवसांनी क्रिएटिव्हचा फोन आला. "ताई, बाकी काही नको. फक्त हळदीकुंकवाचा तो एक सीन पाठवा ना. कोणाला कळणार नाही. नाहीतर आम्हाला आमचं आम्ही मॅनेज करावं लागेल."

खोटं कशाला बोलू, माझा धीर सुटला. प्रसंग डोक्यात तयार होता. तासाभराचं काम. आई समोर तीळ निवडत बसली होती, तिला फोनवरचं सगळं ऐकू गेलं होतं.

मी विचारलं, "काय करू?"

"तुझे वडील पिंपरीच्या कारखान्यात संपावर होते तेव्हा मी काय केलं होतं, सांगितलंय ना तुला?"

"घर चालवलंस."

"ते सगळ्याच करत होत्या. त्या वर्षी शेजारणीचा नवरा गुपचूप कामावर गेला. तिच्या हळदीकुंकवाला मी गेले नाही. आणि तेव्हा मला बोलावणी होती." तिने एक खडा बाजूला टाकला. "संप म्हणजे संप."

मी क्रिएटिव्हला नाही म्हणून कळवलं. तिने फोनवर रडणारी बाहुली पाठवली.

त्यानंतर टीव्हीवर जे झालं ते सोसायटीने फार आवडीने पाहिलं, हे मी आधीच सांगून टाकते. शूट करून ठेवलेले भाग आठवड्यात संपले. मग "प्रेक्षकांच्या खास आग्रहास्तव" जुने भाग सुरू झाले. असला आग्रह करणारा प्रेक्षक मी आजवर पाहिलेला नाही. साडेसातच्या मालिकेच्या जागी दक्षिणेकडची एक मालिका मराठीत बोलायला लागली, ओठ एकीकडे आणि शब्द भलतीकडे. आमच्या मालिकेत चार दिवस यंत्राचे संवाद आले. सासू सुनेला म्हणाली, "तुझ्या भावना मी पूर्णपणे समजू शकते, परंतु या निर्णयाचे काही महत्त्वाचे पैलू आहेत." बँकेतून आलेली बाई असावी असं वाटत होतं. लिफ्टमध्ये मला बायका म्हणाल्या, "हल्ली सासू किती समजूतदार झालीय, नाही?" मी पायऱ्यांनी जायला लागले.

नट मंडळींना मात्र ती वाक्यं तोंडात बसेनात. मग तिथल्या कोणाच्या तरी लक्षात आलं की सणाला लेखक लागतच नाही. हळदीकुंकू म्हटलं की बायका आपणहून येतात, बसतात, हसतात. उखाणे सगळ्यांना पाठ असतात. वाण लुटायचं, फुगडी घालायची, गाणं वाजवायचं. संवाद हवेत कोणाला? अख्खा आठवडा त्यांनी आमच्या मालिकेत हळदीकुंकूच चालवलं. बाकीच्या मालिकांच्या नायिकाही पाहुण्या म्हणून आणल्या. रोज नव्या साड्या, रोज नवे उखाणे. एका नायिकेने नवऱ्याचं नाव घेतलं ते तिच्या मालिकेत गेल्या महिन्यातच सोडून दिलेल्या नवऱ्याचं. ते कोणाच्याही लक्षात आलं नाही, प्रेक्षकांच्याही नाही.

आणि आत्या? तिच्यासाठी कोणी काही लिहिलेलं नव्हतं. मग दिग्दर्शकाने तिच्या हातात तिळाच्या वड्यांचं ताट दिलं. आठवडाभर ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची, ताट ठेवायची, आत जायची. एवढ्या चांगल्या नटीला दुसरं काही काम नव्हतं. मी पडद्याकडे बघायचं टाळत होते. आई मात्र नेमाने बघत होती, हात मांडीवर ठेवून.

शुक्रवारी तो घोटाळा झाला. दुसऱ्या मालिकेतून आलेली एक पाहुणी नायिका ओळीने बायकांना कुंकू लावत चालली होती. या घरात कोण कोणाचं कोण लागतं, कोण विधवा, हे तिला कोणी सांगितलेलं नसणार. आत्या ताट ठेवायला वाकली होती. पाहुणीने हसून कुंकवाचं बोट तिच्याकडेही नेलं. आत्याने मान वर केली आणि किंचित पुढे आली. मला आजही वाटतं, त्या क्षणी ती नटी कोणाच्याही सांगण्याशिवाय माझा प्रसंग करत होती. माझ्या शेजारी आईही पुढे सरकली होती.

लेखक असता तर पुढे काय करायचं हे त्याने ठरवलं असतं. तिथे होता फक्त संकलक, आणि त्याच्याकडे काय तयार होतं? सासूचा दचकलेला चेहरा. तो त्यांच्याकडे कायम साठवलेला असतो. तो त्याने तीनदा लावला, दर वेळी ढगांच्या गडगडाटासह. मग मोठ्या जावेचा चेहरा. मग कुठल्या तरी जुन्या भागातला पडणारा करंडा. मग एकदम आत्या स्वयंपाकघरात, पाठमोरी. पाहुणीचं बोट कपाळाला लागलं की नाही हे दाखवलंच नाही. भाग संपला आणि खाली अक्षरं आली: "हा अपशकुन कुटुंबाला कुठे नेणार?"

मला भयंकर संताप आला. आयुष्यभर मी या धंद्याला नावं ठेवली होती, पण तो इतका आंधळा असेल असं मला वाटलं नव्हतं. यात कोणाचा वाईट हेतूही नव्हता. त्यांनी फक्त हाताला लागलं ते जोडलं होतं.

आईने टीव्ही बंद केला. रिमोट ठेवत म्हणाली, "लिहिणारं कोणी नसलं की लोक पाठ असतं तेच करतात."

मग ती उठली. वड्यांसाठी आणलेला चिकीचा गूळ तिने डब्यात भरला आणि डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या. आमची सोसायटी ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या घरच्या या सूनबाई, आणि हळदीकुंकवाच्या कर्त्याधर्त्या. गळ्यात भरगच्च सोनं, आवाज खालच्या पार्किंगपर्यंत पोचणारा.

"काकू, वड्यांचं डबं कधी न्यायचं? उद्या सकाळीच बायका हॉल सजवनार हायेत."

"यंदा वड्या नाहीत," आई म्हणाली.

"का वो? तब्येत बरी न्हाई का काय?"

"तब्येत उत्तम आहे. मी संपावर आहे."

वहिनी हसल्या, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "संप तर ह्यांचा हाय न्हवं?"

"तिचा वेगळा. माझा वेगळा."

"बरं. मागणी काय म्हनायची तुमची?"

"बोलावणं."

वहिनींचं हसू थांबलं. त्या आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. "काकू, तुम्हाला कोन नको म्हनतंय? या की. पुढं खुर्ची टाकते तुमच्यासाठी. गजरा दिऊ, वाण दिऊ. कुंकवाचं तेवढं ऱ्हाऊ द्या. माझं काय न्हाई, पर बायकांच्या मनात येतं. कालच मालिकेत बगितलं न्हाई का, कसा अपशकुन झाला?"

मी तोंड उघडलं. ती मालिका मी लिहिते, तो अपशकुन एका संकलकाच्या आळसातून झाला आहे, हे सगळं मला ओरडून सांगायचं होतं. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"हरकत नाही," ती वहिनींना म्हणाली. "मग वड्यांचंही तेवढं राहू द्या."

वहिनींना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या उठल्या आणि गेल्या. त्यांना चहासुद्धा विचारला नाही, असं आमच्या घरी पहिल्यांदाच झालं.

रविवारी त्यांनी मंडईतल्या एका दुकानातून तिळाचे लाडू आणले. ते इतके कडक होते की संध्याकाळभर पार्किंगमध्ये मुलं त्यांच्या गोट्या करून खेळत होती. हॉलमधून उखाणे वर ऐकू येत होते. मालिकेतलेच उखाणे, नवरे तेवढे बदललेले. आईने आमच्या दोघींपुरत्या वड्या केल्या. मग दारामागची काळी साडी काढली, नेसली आणि सोफ्यावर येऊन बसली.

मला राहवलं नाही. देवघरातला करंडा घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "मी लावते."

"तू घरातली. तू लावून काय होणार?" ती म्हणाली. "मला काय कुंकवाची हौस आहे? वड्या माझ्या चालतात आणि मी चालत नाही, याचं काय ते त्यांनी सांगावं. ठेव तो आत आणि वडी खा."

मी वडी खाल्ली. वड्या नेहमीसारख्याच झाल्या होत्या. मला रडू येत होतं आणि तिला ते आवडलं नसतं, म्हणून मी खातच राहिले.

आमचा संप पुढे पंधरवडाभर रेंगाळला आणि मिटला. मिटला म्हणजे दोन्ही बाजूंनी हसत फोटो काढला. मागण्यांवर विचार करायला समिती नेमली. पत्रकाला सुरुवात चांगली हवी म्हणणारे ज्येष्ठ लेखक त्या समितीवर गेले. आमची नावं पूर्वीपेक्षा किंचित सावकाश पळायला लागली.

मी क्रिएटिव्हला विचारलं, "आत्याच्या कुंकवाचं काय?"

"ताई, हळदीकुंकू झालं की आता. पुढच्या वर्षी बघू. पण तो अपशकुनवाला एपिसोड खूप चालला! आता पुढचा ट्रॅक तोच. आत्या सगळ्यांची माफी मागते आणि सासू मोठ्या मनाने माफ करते. सीन आजच हवाय, उद्या सकाळी शूट आहे."

मी लिहून पाठवलं ते वेगळंच. सासू म्हणते, कुंकवाचं राहू दे. आत्या हातातलं ताट खाली ठेवते आणि म्हणते, "मग वड्यांचंही तेवढं राहू द्या." वाक्य आईचं होतं, त्यात मी एक शब्दही बदलला नाही. पाच मिनिटांत उत्तर आलं: "ताई, मस्त आहे, पण आत्या थोडी निगेटिव्ह वाटते. माफी मागू दे ना तिला. इमोशन वाढवा."

मी वाढवलं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं, आणि आमच्या धंद्यात सगळे हेच म्हणतात. आत्याने माफी मागितली. त्या नटीने ती वाक्यं खाली मान घालून, सपाट आवाजात म्हटली. सासू रडली. सोसायटीतल्या दोघी-तिघींनी मला जिन्यात गाठून सांगितलं की कालचा भाग फार छान झाला. आईने तो भाग शेवटपर्यंत पाहिला. माझं नाव सरकून जाईपर्यंत थांबली, ते आता वाचता येत होतं, आणि मग भाजी फोडणीला टाकायला गेली.

यंदा संक्रांतीच्या आधी पुन्हा बेल वाजली. वहिनीच होत्या. आवाज जरा खाली होता.

"काकू, गेल्या साली लई नावं ठिवली लोकांनी लाडवांना. यंदा करा की वड्या."

"कुंकवाचं काय ठरलं?" आईने दारातूनच विचारलं.

"तेवढं सोडून बोला ना, काकू."

"तेवढंच तर आहे," आई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

दाराच्या मागे काळी साडी इस्त्री होऊन आलेली आहे. आमचा संप मिटून वर्ष होत आलं. आईचा चालू आहे.